संसारी माणसाची सनद

दरवर्षी उन्हाळा भरात आला, की आमच्या युनियनच्या कचेरीत एक प्रश्न हटकून येतो. विचारणारा बहुधा हिंगणा किंवा बुटीबोरी येथील कारखान्यातला कामगार असतो. वय पस्तिशीच्या आसपास, पदरी दोन मुले, आणि मुक्त विद्यापीठातून नेटाने मिळविलेली बी. ए. ची पदवी घरच्या पेटीत ठेवलेली. बडतर्फीच्या एखाद्या खटल्याच्या तारखांना तो कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात उभा राहिलेला असतो; आपल्याच नोकरीविषयी दोन वकील आपल्याला न कळणाऱ्या भाषेत बोलत आहेत हे त्याने पाहिलेले असते. तो म्हणतो, "भाऊ, एल्एल. बी. करावे म्हणतो. जमेल काय या वयात?" मी त्याला उत्तेजन देतो. मी स्वतः कायद्याच्या महाविद्यालयाची पायरी चढलो नाही. जे शिकलो ते जुने निकाल वाचून आणि खटले हरून शिकलो. त्यामुळे कोणी रीतसर शिकू म्हणत असेल तर मला आनंदच होतो.

परंतु गेल्या वर्षी अशाच एका कामगाराबरोबर त्याची पत्नीही आली होती. तो बोलत असता ती गप्प होती. मी उत्साहाने त्याला बाबासाहेबांचे उदाहरण दिले. उठता उठता ती एवढेच म्हणाली, "भाऊ, हे तीन वर्षं शिकतील. तवर घर कोण चालवील, तेही सांगा ना." मला उत्तर देता आले नाही. ज्या थोर उदाहरणाचा मी हवाला दिला होता, त्या उदाहरणातही हा प्रश्न होता, आणि मी तो कधी विचारला नव्हता, हे त्या क्षणी माझ्या ध्यानात आले. म्हणून ते उदाहरण पुन्हा एकदा, त्या बाईच्या प्रश्नाच्या बाजूने, तपासून पाहावे असा माझा आज विचार आहे.

गोष्ट सुरू करावयाची ती नागपुरापासूनच. १९२० सालच्या ३० मेपासून १ जूनपर्यंत ह्या शहरात अखिल भारतीय बहिष्कृत समाजाची परिषद भरली होती. अध्यक्षस्थानी कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज होते. अस्पृश्यांचे प्रतिनिधी दुसऱ्यांनी नेमावयाचे नाहीत, असा आग्रह धरणारा एक तरुण प्राध्यापक मुंबईहून त्या परिषदेला आला होता. त्याचे वय एकोणतीस, घरी बावीस वर्षांची पत्नी आणि सात वर्षांचा मुलगा. नागपूरच्या उन्हाळ्यात भाषणे करून हा प्राध्यापक मुंबईला परतला, आणि पुढच्याच महिन्यात, जुलै १९२० मध्ये, विद्यार्थी म्हणून लंडनच्या बोटीत चढला. प्राध्यापक भीमराव आंबेडकर त्या दिवशी पुन्हा विद्यार्थी झाले.

हे जाणे वरवर पाहता तितके सरळ नव्हते. आंबेडकर त्या वेळी काही बेकार पदवीधर नव्हते. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड ह्यांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ ते १९१६ त्यांनी अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अध्ययन केले होते. तेथून ते लंडनला गेले. १९१६ च्या अखेरीस त्यांनी अर्थशास्त्राच्या विद्यालयात प्रवेश घेतला आणि त्याच सुमारास ग्रेज इन ह्या बॅरिस्टरांच्या संस्थेत नाव घातले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली, आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. कराराप्रमाणे ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. तेथे राहावयास घर मिळेना आणि ज्या पारशी वसतिगृहात आसरा घेतला तेथून बाहेर काढले गेले, ही हकीकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. पुढे नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार दरमहा ४५० रुपये. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती, आणि परळच्या चाळीतल्या दोन लहान खोल्यांत राहणाऱ्या कुटुंबाला तर ती मोठीच होती. त्या खोल्यांत पत्नी रमाबाई व मुलगा यशवंत ह्यांच्याखेरीज विधवा भावजय लक्ष्मीबाई आणि पुतण्या मुकुंद हेही राहात होते. मार्च १९२० मध्ये ही नोकरी त्यांनी सोडली.

संसारी माणूस साडेचारशे रुपयांची नोकरी सोडून पुन्हा शाळेत का जातो? ज्ञानाची भूक हे एक कारण झाले, आणि अर्थशास्त्राच्या अपुऱ्या राहिलेल्या पदव्यांपुरते ते पुरेसेही आहे. पण बॅरिस्टरी का? माझ्या समजुतीप्रमाणे ह्याचे उत्तर 'मूकनायक' पत्राच्या पहिल्या अंकावर छापलेले आहे. हे पाक्षिक ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले. ते आंबेडकरांचे पत्र होते हे सर्वांस माहीत होते; तरी संपादक म्हणून नाव होते पांडुरंग नंदराम भटकर ह्यांचे. आंबेडकर सरकारी कॉलेजात नोकर होते, आणि सरकारी नोकराला आपल्या नावाने लढता येत नाही. कोणाच्याही पगाराचा मिंधा न होता पोट भरावयाचे, आणि उरलेला वेळ व जीव आपल्या माणसांसाठी ठेवावयाचा, तर त्या काळी वकिलीइतका मोकळा धंदा दुसरा नव्हता. वकिलाला सभा घेण्यास रजेचा अर्ज करावा लागत नाही. आमच्या चळवळीत पगारी नोकरी सांभाळून काम करू पाहणाऱ्यांचे हाल ज्यांनी पाहिले असतील, त्यांस हे कारण फोड करून सांगण्याची गरज नाही.

पैशाची तजवीज त्यांनी तीन ठिकाणांहून केली: पगारातून मागे टाकलेली शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य, आणि नवल भथेना ह्या पारशी मित्राकडून घेतलेले ५,००० रुपयांचे कर्ज. चौथ्या ठिकाणाची नोंद कोणी करीत नाही. ते ठिकाण म्हणजे परळची ती चाळ. तिचा विचार पुढे करू.

लंडनमध्ये त्यांनी दोन अभ्यास एकाच वेळी चालविले. बॅरिस्टर होण्याची त्या काळची रीत मोठी विचित्र होती. परीक्षा तर द्यावयाच्याच, पण त्याखेरीज बारा सत्रे 'भरावी' लागत, आणि सत्र भरणे म्हणजे संस्थेच्या भोजनगृहात ठराविक वेळा जेवावयास हजर राहणे. वर्षात चार सत्रे, म्हणजे तीन वर्षांचा हिशेब. जेवणाचे पैसे जेवा अगर न जेवा द्यावेच लागत. ज्याने स्वतःचा फराळ पाव आणि एखाद्या पेयावर आणून ठेवला होता, त्याला ह्या मेजवान्यांचे पैसे मोजताना काय वाटले असेल, ह्याची कल्पना करावी. उरलेला दिवस ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जाई. जून १९२१ मध्ये त्यांना एम्. एस्सी. मिळाली, जून १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले, आणि रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध ऑक्टोबर १९२२ मध्ये विद्यापीठाकडे गेला. परीक्षकांनी त्यात फेरफार सांगितले. तोवर पैसा संपला होता. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईस परतले, प्रबंध सुधारून येथूनच पाठविला, आणि डी. एस्सी. ची पदवी त्याच वर्षी नोव्हेंबरात मिळाली.

ह्या वाटेने जाणारे ते एकटे नव्हते. त्यांच्या आधी दहा वर्षे, १९१० मध्ये, गुजरातेतले एक नामांकित वकील पस्तिसाव्या वर्षी मिडल टेंपलमध्ये दाखल झाले. ते वल्लभभाई पटेल. पत्नी झवेरबा १९०९ च्या जानेवारीत वारल्या होत्या. मुलगी मणिबेन आणि मुलगा डाह्याभाई ह्यांना शिक्षणासाठी मुंबईस ठेवून ते गेले. छत्तीस महिन्यांचा क्रम त्यांनी तीस महिन्यांत संपविला, पहिल्या वर्गात पहिले आले, ५० पौंडांचे बक्षीस मिळविले, आणि फेब्रुवारी १९१३ मध्ये परतले. पण खरे तर त्यांना पाच वर्षे आधीच जावयाचे होते. १९०५ मध्ये त्यांच्या प्रवासाची कागदपत्रे 'व्ही. जे. पटेल' ह्या नावाने आली, आणि थोरले बंधू विठ्ठलभाई ह्यांचीही आद्याक्षरे तीच! थोरल्याने आपल्याला आधी जाऊ दे म्हटले. वल्लभभाईंनी कागद तर दिलेच, वर भावाच्या घरचा खर्चही चालविला. पुढे विठ्ठलभाई मध्यवर्ती विधिमंडळाचे अध्यक्ष झाले. त्या अध्यक्षपदाखाली धाकट्या भावाने मागे राहून काढलेली ती वर्षे आहेत.

ह्या हकीकतींतून एक गोष्ट निघते. लग्न होऊन मुले झाल्यावर जो माणूस कायदा शिकावयास जातो, तो एकट्याच्या पैशाने आणि एकट्याच्या वेळाने जात नाही. तो घरातून कर्ज काढतो. भथेनांच्या ५,००० रुपयांसारखे कर्ज कागदावर असते आणि ते फेडता येते. घराचे कर्ज कागदावर नसते. त्यात मुलांपासून दूर गेलेल्या संध्याकाळी असतात, बायकोने एकटीने काढलेली आजारपणे असतात, न केलेले सण असतात. इतिहास पदव्यांच्या तारखा लिहून ठेवतो. पण ज्यांनी उसने दिले त्यांची खतावणी ठेवीत नाही.

रमाबाईंचे उदाहरण घ्या. १९०६ मध्ये लग्न झाले तेव्हा त्या लहान मुलगी होत्या. पती १९१३ ते १९१७ आणि पुन्हा १९२० ते १९२३ परदेशी होते. म्हणजे लग्नानंतरच्या पहिल्या सतरा वर्षांपैकी जवळजवळ सात वर्षे त्यांनी घर एकटीने ओढले. त्यांना पाच अपत्ये झाली, त्यांपैकी चार बालपणीच गेली. शेवटचा राजरत्न जुलै १९२६ मध्ये गेला. बरे, बॅरिस्टर परत आल्याबरोबर दिवस पालटले असे म्हणावे, तर तेही नाही. उच्च न्यायालयात वकिली करण्याची सनद घ्यावयाची, तर तिच्या फीचे पैसे जवळ नव्हते. पुन्हा नवल भथेनाच धावून आले. जुलै १९२३ मध्ये वकिली सुरू झाली, पण अस्पृश्य बॅरिस्टराकडे काम पाठविण्यास सॉलिसिटर तयार नव्हते. तेव्हा मुंबईबाहेरचे लहानसहान खटले घ्यावयाचे, आणि १९२५ ते १९२८ पर्यंत हिशेबनीसांच्या एका खासगी शिकवणी-संस्थेत व्यापारी कायदा शिकवून घरखर्चास हातभार लावावयाचा, असा क्रम चालला. सिडनहॅममध्ये दरमहा ४५० रुपये घेणारा माणूस परदेशातून दोन थोर पदव्या घेऊन आला, आणि त्याच चाळीत त्याच्या घरची ओढाताण कायम राहिली. आमचे जे मित्र समजतात, की सनद हाती आली की दुसऱ्या दिवसापासून पैसा सुरू होतो, त्यांनी हे पान दोनदा वाचावे.

मग हे सारे कशासाठी? कर्ज काढले, ते फिटले काय? हा प्रश्न विचारल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. महाडचे उदाहरण पाहू. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी पिऊन अस्पृश्यांनी आपला हक्क बजाविला. त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह व्हावयाचा होता. तेव्हा तळे आपल्या खासगी मालकीचे आहे असा दावा महाडच्या काही सवर्ण मंडळींनी १२ डिसेंबरला लावला, आणि दोनच दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. तो हुकूम २३ फेब्रुवारी १९२८ रोजी उठला. मूळ दाव्याचा निकाल महाडच्या न्यायालयात ८ जून १९३१ रोजी लागला, ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात ३० जानेवारी १९३३ रोजी, आणि उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ रोजी. तिन्ही ठिकाणी तळे सार्वजनिकच ठरले. ओंजळभर पाणी प्यावयास एक क्षण लागला; ते पिण्याचा हक्क न्यायालयात टिकवावयास जवळजवळ दहा वर्षे लागली. ज्या समाजाजवळ वकिलाला देण्यास पैसा नव्हता, त्याला दहा वर्षे पुरेल असा स्वतःचा वकील मिळाला, तो ग्रेज इनमधल्या त्या सत्रांमुळे. परळच्या खोलीतून काढलेले कर्ज असे महाडला फिटले.

आम्हां कामगारांच्या वाट्यालाही त्यातले काही आले. सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबई विधानसभेपुढे औद्योगिक कलहाचे बिल आले. बेकायदा ठरविलेल्या संपाबद्दल त्यात शिक्षा होती. स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून आंबेडकरांनी त्याला विरोध केला तो घोषणांनी नव्हे, तर कायद्याच्या मुद्द्याने. संप हा फार तर कराराचा भंग आहे, आणि करारभंग ही दिवाणी बाब आहे. तो फौजदारी गुन्हा ठरविणे म्हणजे मजुराला त्याच्या मनाविरुद्ध राबविणे, आणि त्यालाच गुलामगिरी म्हणतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. बिल पास झाले, त्याविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी संप झाला. पण तो मुद्दा हरलेला नाही. आजही मी कोणत्याही चौकशीत उभा राहतो तेव्हा त्याच मुद्द्याचा आधार घेतो. पुढे जुलै १९४२ मध्ये नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली, आणि त्याच महिन्यात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. १९४६ साली कारखान्यांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले, तिचे बिल त्यांच्याच खात्याचे. एम्प्रेस मिल नागपुरात १ जानेवारी १८७७ पासून २००२ पर्यंत चालली. तिच्या भोंग्यावर उठणाऱ्या ज्या पिढ्यांनी आठवड्याचे हे सहा तास परत मिळविले, त्यांनी तेवढा वेळ आपल्या मुलांत काढला असेल. सात वर्षांच्या यशवंताचे बाप दूर गेला तेव्हा बुडालेले तास असे दुसऱ्यांच्या मुलांना परत मिळाले, असे मी म्हटले तर ते अलंकार म्हणून म्हणत नाही.

पण येथे थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. समाजाचे कर्ज फिटले; घराचे फिटले काय? रमाबाई २७ मे १९३५ रोजी दादरच्या राजगृहात गेल्या. पाच-सहा दिवसांनीच, जूनच्या आरंभी, बाबासाहेब मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. १९४० च्या अखेरीस पाकिस्तानच्या प्रश्नावरील ग्रंथ त्यांनी पत्नीच्या स्मृतीस अर्पण केला. ज्या माणसाने आयुष्यभर हिशेब चोख ठेवला, त्याने हे कर्ज आपल्या नावावर मांडून ठेवले आणि ते फिटले असे कधी दाखविले नाही, असा मी त्या अर्पणपत्रिकेचा अर्थ करतो.

आता पुन्हा आमच्या कचेरीत येऊ. काळ बदलला आहे, आणि काही बाबतींत चांगला बदलला आहे. कायदा शिकण्यास बोटीत बसावे लागत नाही. नागपूर विद्यापीठाचे कायद्याचे महाविद्यालय १९२५ पासून आहे, पुढे सरन्यायाधीश झालेले हिदायतुल्ला तेथे शिकवीत असत, आणि आज त्याला डॉ. बाबासाहेबांचेच नाव आहे. वकिलांच्या अखिल भारतीय परिषदेने २००८ च्या नियमांत तीन वर्षांच्या अभ्यासक्रमास तीस वर्षांची वयोमर्यादा घातली होती. त्या नियमाप्रमाणे वल्लभभाईंना प्रवेश मिळाला नसता! ही मर्यादा नंतर पुन्हा लागू करण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. सनदेच्या नोंदणीसाठी राज्याराज्यांत हजारो रुपये घेतले जात. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरविले, की कायद्यात लिहिलेल्या ७५० रुपयांहून, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांकडून १२५ रुपयांहून अधिक घेता येणार नाही. सनदेच्या फीसाठी मित्राकडे हात पसरावा लागलेल्या माणसाच्या देशात हा निकाल यावयास एकशेएक वर्षे लागली.

तरी संसारी माणसाच्या दोन अडचणी उभ्याच आहेत. एक, हजेरी. वर्गातील तासांपैकी शेकडा सत्तर तासांना हजर राहावे लागते, आणि वर्ग दिवसाचे असतात. पाळीवर जाणाऱ्याने ते कसे साधावे? दुसरी, सनद घेतल्यावर पूर्णवेळ पगारी नोकरी ठेवता येत नाही. म्हणजे पगार बंद आणि पक्षकार अजून नाहीत, असा एक काळ ज्याच्या त्याच्या वाट्यास येतोच. बाबासाहेबांच्या वाट्यास तो १९२३ ते १९२८ असा आला. ह्या दोन्ही अडचणींचा बोजा शेवटी जातो तो घरावर, आणि घर म्हणजे बहुतेक ठिकाणी एक बाई.

म्हणून जो कोणी आता विचारावयास येतो, त्याला मी वयाबद्दल काही सांगत नाही. मी त्याला एक कोरा कागद देतो आणि म्हणतो, की घरी जा, वहिनींना समोर बसवा, आणि तीन वर्षांचा आणि नंतरच्या आणखी तीन वर्षांचा हिशेब दोघांनी मिळून लिहा. भाडे, किराणा, मुलांच्या फिया, म्हातारीचे औषध. आणि कोणती संध्याकाळ कोणाची, तेही लिहा. मग खाली लिहा की सनद मिळाल्यावर ती कोणाच्या कामी येणार. ज्याला ह्या शेवटच्या ओळीत काही लिहिता येत नाही, त्याने घराकडून इतके मोठे कर्ज काढू नये. आणि ज्याला लिहिता येते, त्याला एकट्याला सोडू नये. भथेना एक होते, आमची युनियन तर शेकडो माणसांची आहे. अशा विद्यार्थ्याच्या पुस्तकांचा व फीचा भार संघटनेने उचलावा, आणि त्याच्या पाळ्या सोयीच्या लागाव्यात म्हणून व्यवस्थापनाशी बोलावे, असा ठराव मी आमच्या कार्यकारिणीपुढे ठेवला आहे.

त्या बाईला उत्तर द्यावयाचे राहिले होते. यंदा ती पुन्हा भेटली तेव्हा दिले. म्हटले, "वहिनी, घर तुम्हीच चालवाल. आजवर असेच होत आले आहे, आणि ते कोणी लिहून ठेवले नाही. पण ह्या खेपेला तुमचे नाव हिशेबात पहिले राहील, आणि ओझ्याला आम्ही हात लावू." तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "मग तो कागद माझ्याजवळ राहू द्या." कागद तिच्याजवळ आहे. तिचा नवरा प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करतो आहे.